ओसीडीवर गांजा / सीबीडी तेल: कोणाला काही माहिती आहे का? भावासाठी विचारतेय

शेवग्याची_शेंग
नमस्कार मंडळी, धागा जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या. माझा धाकटा भाऊ, वय ३१, आईबरोबर ठाण्यात वर्तकनगरला राहतो, आयटीत आहे, ऑफिस ऐरोलीला. मी लग्नानंतर खारघरला. त्याला ओसीडी आहे (नको ते विचार येतात आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते, तो आजार), निदान होऊन बरीच वर्षं झाली. आजी याला मंत्रचळ म्हणायची. पण लोकांना वाटतं तसं हात धुण्याचं वगैरे नाहीये त्याचं, चेकिंग आहे. गॅसचा रेग्युलेटर, गीझर, दाराचं लॅच, आणि ऑफिसात मेल पाठवला की सेंटमध्ये जाऊन तोच मेल पुन्हा पुन्हा वाचायचा, आपण कोणाला काही भलतंच तर लिहिलं नाही ना म्हणून. बाईकवरून विटाव्यापर्यंत जातो आणि परत फिरतो, कारण गॅस. आईला फोन, आई म्हणते बंद आहे रे बाबा, पाच मिनिटांनी परत फोन.

त्यावर सर्ट्रालिन ही गोळी, ५० मिग्रॅ, चालू आहे, डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी एकदा बघतात, "कसं आहे, बरं आहे, तेच चालू ठेवा" एवढंच. आता ऑफिसातल्या एकाने डोक्यात घातलंय की अमेरिकेत, कॅनडात लोक ओसीडीवर मेडिकल गांजा घेतात आणि एकदम शांत होतात, आणि इथेही सीबीडी तेल (गांज्याच्या झाडातल्या सीबीडी नावाच्या घटकाचं) ऑनलाइन मिळतं. भाऊ रोज रात्री तेच वाचत बसतो. आईला कळलं तर ती सरळ म्हणेल पोरगा गर्दुल्ला झाला. मला तसं काही वाटत नाही पण काही कळतही नाही. यात तथ्य आहे का, कायद्याने चालतं का, आणि सर्ट्रालिनबरोबर चालेल का? कृपया भाषण नको, माहिती हवी.

पाचपाखाडीकर
आमच्या लहानपणी शिवरात्रीला थंडाई असायची आणि तिच्यात काय असायचं ते सगळ्यांना माहीत असायचं, कोणाला काही झालं नाही. आयुर्वेदात विजया म्हणून आहेच की. आपलंच आपण विसरलो आणि आता कॅनडावाल्यांकडून शिकायचं. बाकी भावाला सकाळी लवकर उठून प्राणायाम करायला सांगा, निम्मं तिथेच कमी होईल. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

कडूलिंब_७
काका, दिवे घेतले, पण प्राणायामाने ओसीडी जात असता तर मी कधीच बरा झालो असतो.

शेंगताई, मला स्वतःला आहे, कॉलेजपासून. माझे विचार वेगळ्या जातीचे, म्हणजे ठाणे स्टेशनला प्लॅटफॉर्म पाचवर गर्दीत उभा असलो की मनात येणार "समोरच्याला ढकललंस तर?" मला कोणाला ढकलायचं नसतं, मुंगी मारायला घाबरणारा माणूस मी, आणि म्हणूनच तो विचार इतका छळतो. मग मी भिंतीला पाठ लावून उभा राहणार, हात खिशात, मनातल्या मनात एक ठराविक वाक्य म्हणणार, ते नीट म्हटलं गेलं नाही तर परत पहिल्यापासून. देवळातही तेच, कोपिनेश्वराला गेलो की देवाबद्दल असले घाण विचार यायचे की मी जाणंच सोडलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. लोक "मला पण ओसीडी आहे, मला उशी सरळ लागते" म्हणतात तेव्हा काय बोलायचं तेच कळत नाही.

ज्याला कळलं नाही त्याच्यासाठी: नको असलेला विचार येतो, प्रचंड भीती वाटते, ती घालवायला माणूस काहीतरी करतो (चेक करतो, धुतो, विचारतो, मनात म्हणतो), क्षणभर बरं वाटतं, आणि त्या क्षणभर बरं वाटण्यामुळेच मेंदू शिकतो की पुढच्या वेळी पण हेच कर. खाज सुटली की खाजवावं आणि चट्टा वाढत जावा, तसं. भाऊ आईला फोन करतो ना, तो फोन म्हणजेच आजार आहे. आई "बंद आहे रे" म्हणते ते प्रेमाने म्हणते पण ते पण आजारालाच खाऊ घालणं झालं. ऐकायला वाईट वाटतं, माझ्या आईला पण वाटलं होतं.

गांज्याबद्दल माझं मत नंतर लिहितो, लोकल आली.

औषधवाली_नेरूळ
फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, आधीच सांगते.

पहिलं म्हणजे गांजा वगैरे सोडा, मला ते "५० चालू आहे, तेच चालू ठेवा" खटकलं. डिप्रेशनला जो डोस पुरतो तो ओसीडीला बऱ्याचदा पुरत नाही. सर्ट्रालिन डॉक्टर हळूहळू वाढवत २०० मिग्रॅपर्यंत नेऊ शकतात, आणि त्या वाढवलेल्या डोसवर ८ ते १२ आठवडे थांबल्याशिवाय गोळी लागू पडली की नाही ते ठरवतच नाहीत. या गटातल्या फ्लुऑक्झेटिन, फ्लुवोक्सामिन याही आहेत, आणि जुनी क्लोमिप्रामिन, जिला अमेरिकेत ओसीडीसाठी १९८९ सालीच मान्यता मिळाली. म्हणजे शिडीच्या खालच्या पायरीवर उभं राहून "शिडी उपयोगाची नाही" म्हणायचं असं झालंय हे. डोस स्वतः वाढवू नका प्लीज, पण पुढच्या भेटीला डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा. आणि ओसीडी किती आहे ते मोजणारी वाय-बॉक्स नावाची प्रश्नावली आहे, १० प्रश्न, ४० पैकी मार्क, ती करून घेतलीये का ते पण विचारा. आकडा नसेल तर सहा महिन्यांनी सुधारलं की नाही ते कोण कशावरून ठरवणार?

दुसरं, सीबीडी आणि सर्ट्रालिन एकत्र. आपण घेतलेल्या गोळ्या मोडायचं काम यकृतातली काही एंझाइम करतात. सीबीडी त्यातल्या काहींना अडवतं, त्यात सीवायपी २सी१९ नावाचं एक आहे आणि सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम मोडायच्या कामात त्याचा हात असतो. म्हणजे गोळी तेवढीच घेतली तरी रक्तात जास्त साठू शकते. झोप, चक्कर, मळमळ हे त्यातून. सीबीडी मोठ्या डोसमध्ये लिव्हरची एंझाइम पण वाढवू शकतं. "नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही" असं बाटलीवर लिहिलेलं असतं, तिथे हसायचं आणि बाटली खाली ठेवायची.

गच्चीवाला
आलं का फार्मा लॉबीचं भाषण. ताईंनी माहिती मागितली होती म्हणून माहिती देतो. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचा अभ्यास आहे, ओसीडी असलेल्या ८७ लोकांनी अ‍ॅपमध्ये नोंदी केल्या, गांजा घ्यायच्या आधी आणि नंतर, एकूण १८१० नोंदी. कंपल्शन (चेक करणं, धुणं अशा कृती) ६० टक्क्यांनी कमी, नको ते विचार ४९ टक्क्यांनी कमी, एन्झायटी ५२ टक्क्यांनी कमी. कुठल्या गोळीने एवढं होतं सांगा मला. आणि आपल्या शरीरातच या पदार्थांचे रिसेप्टर (पदार्थ जिथे जाऊन चिकटतो त्या जागा) आहेत, सीबी१, मेंदूत ज्या भागात ओसीडीचा गोंधळ असतो तिथे ठासून भरलेत. निसर्गाने उगाच ठेवलेत काय?

औषधवाली_नेरूळ
लॉबी म्हणाल तर सर्ट्रालिनचं पेटंट केव्हाच संपलंय, जेनेरिक गोळी आणि त्या तेलाच्या छोट्या बाटलीची किंमत शेजारी ठेवून बघा, लॉबी कुठे आहे ते कळेल.

तो अभ्यास मला माहितीये, २०२१ चा. लोकांनी स्वतःच सांगितलं की आम्हाला ओसीडी आहे, कोणी तपासलं नाही. सगळे आधीपासून गांजा घेणारे, म्हणजे ज्यांना सोसला नाही ते आधीच गळालेले. तुलनेला नकली (असर करणारा घटक नसलेला) गांजा नाही. आणि ते आकडे घेतल्यानंतर लगेचचे, म्हणजे पुढच्या काही तासांतले. त्याच अभ्यासात हेही आहे की जसजशा नोंदी वाढत गेल्या तसतसा नको त्या विचारांवरचा परिणाम थोडा थोडा कमी होत गेला. हे तुम्ही लिहिलं नाहीत.

आता दुसरा बघा, कोलंबिया विद्यापीठ, २०२०. प्रयोगशाळेत, ओसीडीचं निदान झालेले लोक, तीन प्रकारचा गांजा ओढायला दिला: एकात टीएचसी (नशा आणणारा घटक) जास्त, एकात सीबीडी जास्त, एकात दोन्ही नाहीत. कोणाला काय दिलं ते माहीत नाही. १४ जणांनी सुरू केलं, १२ जणांनी पूर्ण केलं. तिन्हींमध्ये लक्षणं थोडी उतरली, पण सारखीच. आणि एन्झायटी सगळ्यात जास्त उतरली ती कशाने, तर नकली गांज्याने. टीएचसीवाल्याने हृदयाचे ठोके वाढले, नशा झाली. १२ लोक म्हणजे काही फार नाहीत हे मान्य, पण ८७ लोकांचा एकदम खरा आणि १२ लोकांचा एकदम खोटा असं कसं चालेल. २०१९ ला लॅन्सेट सायकियाट्रीमध्ये ८३ अभ्यास एकत्र करून बघितलेत, डिप्रेशन, एन्झायटी, पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक त्रास), सगळं घेऊन, तिथेही निष्कर्ष हाच की पुरावा फार तोकडा आहे.

रिसेप्टरचं तुमचं म्हणणं चूक नाहीये. सीबी१ मेंदूतल्या बेसल गँग्लिया, अमिग्डाला या भागांत भरपूर आहेत. म्हणून तर संशोधक मागे लागलेत. पण रिसेप्टर आहेत म्हणजे औषध आहे असं होत नाही, अफूचे पण रिसेप्टर आहेत.

रानवारा
मी फक्त वाचते इथे, पण हे लिहावंसं वाटलं. माझा मुलगा तेव्हा एकोणीसचा, त्यालाही ओसीडी. हॉस्टेलवर मित्रांच्या नादाने गांजा सुरू केला, म्हणायचा आई डोकं थांबतं. सुरुवातीला खरंच शांत दिसायचा. मग डोकं थांबवायला रोज लागायला लागलं, मग नाही मिळाला तर आधीपेक्षा दुप्पट धुणं, चिडचिड, आणि नंतर नंतर शेजारचे माझ्याबद्दल बोलतात असं म्हणायला लागला. माझ्या दिराला स्किझोफ्रेनिया होता. हे आम्ही डॉक्टरांना आधी सांगितलंच नव्हतं, कारण घरात त्याबद्दल कोणी बोलत नाही. आता मुलगा बराच बरा आहे, नोकरी करतो. शेंग, तुझ्या घराण्यात कोणाला असं काही असेल तर आधी डॉक्टरांना सांग गं.

औषधवाली_नेरूळ
रानवाराताई, बरं झालं लिहिलंत. युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये आला होता, रोज गांजा घेणाऱ्यांमध्ये सायकोसिसची (भास-भ्रम होण्याच्या आजाराची) शक्यता न घेणाऱ्यांच्या साधारण तिप्पट, आणि रोज घेणारा माल जास्त टीएचसीवाला असेल तर जवळपास पाचपट. हे टीएचसीबद्दल आहे, सीबीडीने नशा होत नाही. पण बाटलीत नक्की किती काय आहे हे लेबलवरून कोण सांगणार?

कळव्याचा_वकील
कायद्याचं विचारलंय म्हणून. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५. त्यात चरस आणि गांजा येतो. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. बिया आणि पानं, शेंड्यांशिवाय असतील तर, या व्याख्येत येत नाहीत. म्हणून पानांची भांग सुटते. पण सुटते म्हणजे मोकळी सुटते असं नाही, पाचपाखाडीकर काका, पानं राज्याच्या कायद्यात येतात आणि महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ आहे, त्यात परवान्याची भानगड आहेच.

गांजा १ किलोपर्यंत "अल्प प्रमाण", चरस १०० ग्रॅमपर्यंत. अल्प प्रमाणालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. "मला ओसीडी आहे, मी औषध म्हणून ओढत होतो" हे पोलीस स्टेशनात सांगून काही होत नाही, आपल्याकडे अमेरिकेसारखं मेडिकल गांज्याचं कार्ड वगैरे नाही. कायद्यात वैद्यकीय आणि शास्त्रीय उपयोगाला जागा आहे, पण ती सरकारच्या परवानगीने, तुमच्याआमच्या मर्जीने नव्हे.

ऑनलाइन जी तेलं दिसतात ती बहुतेक "विजया" नावाखाली आयुष लायसन्सवर, पानांपासून बनवलेली म्हणून विकतात. भांग औषध कायद्याच्या ई-१ यादीत आहे, म्हणजे वैद्यकीय देखरेखीखाली घ्यायची वस्तू. प्रिस्क्रिप्शन मागतात. काही ठिकाणी व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटांत वैद्य प्रिस्क्रिप्शन देऊन टाकतो, त्या वैद्याला तुमच्या सर्ट्रालिनबद्दल काही माहीत नसतं.

जाता जाता, भाऊ आयटीत आहे म्हणता, ऑनसाइट जातो का? दुबई, सिंगापूर असेल तर बॅगेत तेलाची बाटली स्वप्नातही नको. इथली आयुषची पावती तिथल्या एअरपोर्टवर दाखवून उपयोग नाही.

शेवग्याची_शेंग
बापरे. दुबईचं प्रोजेक्ट येणार म्हणून ऐकलंय खरं. धन्यवाद वकीलसाहेब. आमच्याकडे सायकोसिस वगैरे कोणाला नाही, निदान मला तरी माहीत नाही, आता मावशीला विचारते, तिला सगळ्यांचं माहीत असतं.

पण मग ओसीडीवर गांजा हे सगळं निव्वळ थोतांड असं समजायचं का? कारण भाऊ मला विचारणार, "ताई, तुला काय कळलं?" आणि मी नुसतं नको म्हटलं तर तो ऐकणार नाही.

कडूलिंब_७
लोकल उतरलो, जेवलो, आता सविस्तर.

थोतांड म्हणू नका, तो लगेच बंद पडेल. त्याला हे सांगा. संशोधनात एक गोष्ट खरंच इंटरेस्टिंग आहे. कोलंबियाच्याच टीमने नॅबिलोन नावाची गोळी (टीएचसीसारखीच, प्रयोगशाळेत बनवलेली) ओसीडीवाल्यांना देऊन बघितली, अगदी मोजक्या लोकांवर. नुसती गोळी दिली तर फारसं काही झालं नाही. पण गोळी आणि ईआरपी थेरपी (भीतीला सामोरं जायची, खाली सांगतो) दोन्ही एकत्र दिले तेव्हा फरक दिसला. विचार असा की मेंदूतली ही यंत्रणा भीती "विसरायला शिकण्यात" भाग घेते, तेव्हा कदाचित ते शिकणं थोडं सोपं होत असेल. कदाचित. पण बघा, तिथेही काम थेरपीच करतेय. गोळी नुसती हाताला धरून नेतेय, आणि न्यायची जागा मात्र तीच, भीतीच्या समोर.

आणि ईआरपी तुमच्या भावाला कोणी दिलीये का? तुमच्या पूर्ण पोस्टमध्ये तो शब्दच नाही. १९६६ मध्ये लंडनला व्हिक्टर मेयर नावाच्या सायकॉलॉजिस्टने सुरू केलं ते, म्हणजे नवीन फॅड नाही. भीती वाटेल अशी गोष्ट मुद्दाम करायची आणि मग नेहमीचं कंपल्शन करायचं नाही, भीती आपोआप खाली येईपर्यंत तिथेच बसायचं. मला थेरपिस्टने स्टेशनवर उभं केलं, आधी रिकाम्या वेळेला, मग गर्दीत, हात खिशाबाहेर, मनातलं वाक्य बंद. पहिल्या वेळी मला वाटलं मी मरतोय. मेलो नाही. भीती अर्ध्या तासात स्वतःच्या पायाने गेली, मी काही न करता. तो अनुभव कुठलीही गोळी देऊ शकत नाही असं माझं मत. गोळी मी पण घेतो हं, सोडलेली नाही, गोळीमुळेच थेरपीला उभं राहायची ताकद आली.

म्हणून गांज्याबद्दल माझी खरी अडचण कायद्याची नाहीये. विचार आला, घाबरलो, दोन थेंब जिभेखाली टाकले, बरं वाटलं. हे काय झालं? कंपल्शनच झालं ना! गॅस चेक करण्याऐवजी थेंब. काही दिवसांनी बाटली संपली तर काय याचं चेकिंग सुरू होईल.

गच्चीवाला
हे शेवटचं पटलं. आकड्यांबद्दल माझं मत तेच आहे, संशोधन दाबलं जातं वगैरे, पण हा थेंबवाला मुद्दा मी असा कधी बघितला नव्हता. बाकी, एपिलेप्सीला तर सीबीडी मान्य झालंय ना अमेरिकेत? मग?

औषधवाली_नेरूळ
झालंय, जून २०१८ मध्ये, लेनॉक्स-गॅस्टो आणि ड्राव्हे या लहानपणी सुरू होणाऱ्या दोन अवघड एपिलेप्सींसाठी. शुद्ध औषध, मोजून मापून, मोठ्या चाचण्यांनंतर. ओसीडीसाठी तसं काही झालेलं नाही. होईल तेव्हा मी स्वतः इथे धागा काढीन.

अ‍ॅडमिन
तेल विकणाऱ्यांच्या तीन लिंका आणि एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर उडवलाय. कोणी कोणाला किती थेंब घ्यायचे ते सांगू नये.

पाचपाखाडीकर
एवढं सगळं वाचलं. मी प्राणायामाचं मागे घेत नाही, पण गोळीबरोबर करा म्हणतो. आमच्या बिल्डिंगमध्ये एक बाई आहेत, दिवसभर सोवळं, पाणी शिंपडतात, जिना धुतात, आम्ही सगळे हसायचो. आता वाटतं त्यांच्या मुलाशी बोलावं. कुठे न्यायचं असतं ठाण्यात? मेंटल हॉस्पिटल म्हटलं की लोक अंगावर येतात.

कडूलिंब_७
काका, मनोरुग्णालयाची ओपीडी पण असते, तिथे गेलं म्हणजे भरती करतात असं नाही, साधी गोळी-तपासणीला लोक येतात. ठाण्यातच आयपीएच आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० ला सुरू केलेली संस्था, समुपदेशन वगैरे सगळं मराठीत. कुठे जायचं तेच कळत नसेल तर टेलिमानस, १४४१६, फुकट आहे, केंद्र सरकारचं, मराठीत बोलता येतं. कुठेही गेलात तरी थेरपिस्टला एकच प्रश्न विचारा, "तुम्ही ओसीडीला ईआरपी करता का?" उत्तर "आपण गप्पा मारू, मोकळं होऊ" असं आलं तर दुसरा शोधा. मोकळं होऊन ओसीडी जात नाही, उलट बोलून बोलून दिलासा घ्यायची सवय लागते.

शेवग्याची_शेंग
काल रविवारी वर्तकनगरला गेले होते. त्याला हा धागाच वाचायला दिला. सगळ्यात जास्त त्याला ते थेंबवालं लागलं, काही बोलला नाही, मग म्हणाला "बाटली कार्टमध्ये आहे, ऑर्डर नाही केली अजून." डॉक्टरांची भेट अलीकडे घेतोय, डोसचं आणि ते वाय-बॉक्सचं विचारणार. मावशीने एक चुलत मामा सांगितले जे "विक्षिप्त" होते, ते पण लिहून ठेवलंय. ईआरपीला तयार आहे पण घाबरलाय खूप.

आता आईचं काय करू? ती म्हणते, मी फोन घेतला नाही आणि पोराला काही झालं तर.

कडूलिंब_७
आईने एकदम बंद करायचं नाही, फार त्रास होतो दोघांना. थेरपिस्टसमोर तिघांनी बसून ठरवा, म्हणजे उद्यापासून एकदाच उत्तर, पुढच्या फोनला "हा तुझा ओसीडी विचारतोय, मी उत्तर देणार नाही, पण संध्याकाळी थालीपीठ आहे" असं काहीतरी. भावाने आधी कबूल केलेलं असायला हवं, नाहीतर त्याला वाटतं आई रुसली.

रानवारा
हे खरं आहे. मला ते उत्तर न देणं जमायला खूप वेळ लागला, मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून स्वयंपाक करायचे. तुझ्या आईला माझ्याशी बोलायचं असेल तर मला इथे व्यनि (खासगी निरोप) कर.

कडूलिंब_७
आणि ताई, पहिल्या काही सेशनला भीतीची यादी बनवून घेतात, सोप्यापासून अवघडपर्यंत. ती त्याची खासगी असते. फ्रीजवर लावू नका आणि रोज "आज कितवं झालं" विचारू नका.

शेवग्याची_शेंग
हो हो, फ्रीजवर आधीच जागा नाही. रानवाराताई, व्यनि केलाय.